रंगाऱ्याच्या अंगणातलं गार पाणी

येवल्याच्या स्टँडवर पहाटेची नाशिक गाडी लागली होती. सूर्य अजून उगवायचा होता आणि आई ओढणीने माझं तोंड घट्ट बांधत म्हणत होती, "तोंड झाक बाई, लय ऊन हाय." बाबा दोन पिशव्या घेऊन पुढे उभे होते. त्यांनी एकदा काळ्याकुट्ट आभाळाकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि गाडीत चढले. मी त्यांच्या मागोमाग. आईने खाली उभं राहून खिडकीच्या काचेवर हात ठेवला होता. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली, आणि मग थांबली. मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, आणि ओढणी इतकी आवळलेली होती की दोन्हीही जमलं नसतं.

हे मी आपल्या गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय, आणि गल्ली सोडून पुण्याला, सुरतेला, कुठे कुठे गेलेल्या तुम्हा सगळ्यांनाही. मागच्या महिन्यात आपल्या गल्लीत जे झालं ते तुमच्यातल्या निम्म्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. उरलेल्या निम्म्यांना मोबाइलवर भलतंच काहीतरी पोचलंय. सुरतेहून तर मला फोन आला की तुमच्या अंगणात म्हणे मायलेकींचं भांडण होऊन पाण्याची फेकाफेक झाली! म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. मला ते सांगितल्याशिवाय राहवतही नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं घर रेशीम रंगवणाऱ्यांचं. पैठणी विणणारे वेगळे, त्यांना रंगवलेलं रेशीम देणारे आम्ही. अंगणात एका बाजूला चुलीवर रंगाचं पातेलं उकळत असतं. दुसऱ्या बाजूला सिमेंटची टाकी, रंगवून झालेल्या लडी खळबळून धुवायला गार पाण्याने काठोकाठ भरलेली. एकोणीस वर्षांची होते मी. राणी रंगाचं पातेलं उतरवताना पाय घसरला आणि ते डाव्या अंगाने माझ्यावर आलं. गाल, मान, खांदा, हात. टाकी दोन पावलांवर होती. शेजारच्या कमलकाकू तांब्या बुडवून धावत आल्या, तर आई मध्ये पडून जिवाच्या आकांताने ओरडली, "पाणी नका लावू! फोड येतील!" तोवर सगळी गल्ली दारात गोळा झाली होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. कुणालाच त्यात काही चूक वाटलं नाही. काकूंनीही तांब्या खाली ठेवला. मग आईने टूथपेस्टची अख्खी ट्यूब माझ्यावर पिळली, वरून हळद, वरून खोबरेल. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना कळेना की पोर भाजलीय किती, रंगलीय किती आणि माखलीय किती.

जखमा भरल्या, पण मान डावीकडे आखडून बसली. हनुवटी खांद्याकडे ओढली गेली. त्याच सुमारास घरातले आरसे नाहीसे झाले. आधी मोरीवरचा, मग कपाटाचा, मग बाबांच्या दाढीचाही. बाबा खिडकीच्या काचेत बघून दाढी करायचे आणि रोज कुठेतरी कापून घ्यायचे. कुणी घरी आलं की मी आतल्या खोलीत, आणि आई बाहेर सांगायची, "स्वाती व्हय? मावशीकडं गेलीय." मला आईचा राग यायचा, आणि तिची दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटायचे. शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मानेचं ऑपरेशन करू, पण पुढे वर्षभर रोज व्यायाम आणि तपासणी, तेव्हा पोरीला इथेच ठेवा. म्हणजे आई इतके दिवस जे खोटं सांगत होती ते खरं झालं. मी खरोखरच नाशिकला, सिडकोत मावशीकडे निघाले.

विंचूर गेलं, निफाड गेलं, उजाडलं. नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो, रिक्षात बसलो आणि मी जे पाहिलं ते तुम्हाला काय सांगू! नाशिकच्या सगळ्या पोरींनी तोंडं बांधली होती. स्कूटीवर बसलेल्या, सिग्नलला थांबलेल्या, कॉलेजच्या गेटापाशी घोळक्याने उभ्या असलेल्या, सगळ्यांच्या तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे, दिसतात ते फक्त डोळे. कुणी म्हणेल दरोड्याला निघाल्यात. मला वाटलं, हे गाव माझ्यासाठीच बांधलंय. ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंतचे कित्येक महिने मी त्या स्कार्फात इतकी सुखी होते की काय सांगू. एकटी कॉलेज रोडला जायचे, भेळ पार्सल घ्यायचे, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. घरी येऊन गच्चीच्या पत्र्याआड बसून भेळ खायचे. मावशी म्हणायची, "अगं ती मऊ पडते, तिथंच का नाही खात?" मी म्हणायचे, मला मऊच आवडते.

मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा आई येऊन वॉर्डात माझ्यापाशी राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक माणूस आला. अर्धा चेहरा ओघळल्यासारखा, एक कान नाही, उजव्या हाताची बोटं जागेवर नाहीत, आणि शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. हे भास्करदादा. पूर्वी वायरमन होते, खांबावर काम करताना मोठ्या लाइनचा झटका बसला होता. भाजून बरे झालेल्या माणसांचा एक गट आहे, ते नव्याने भाजलेल्यांना भेटायला येतात, असं नर्सने सांगितलं. आता गंमत बघा. भास्करदादांच्या मते त्यांचा चेहरा म्हणजे आनंदाची बातमी. बघा, मी जगलो, चहा पितो, नोकरी करतो, मोटरसायकल चालवतो! आणि आईने त्याच चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पांढरी फटक पडली. डॉक्टर पोरीला पहिल्यासारखी करणार, असं ती मनाशी धरून बसली होती. तिने सरळ पडदा ओढला. "आमच्या पोरीला आत्ता कुणी नको भेटायला."

"बरं आई. मी बाहेर बाकावर आहे," एवढंच म्हणून ते गेले. पडद्याच्या फटीतून मला ते दिसत होते. बाकावर बसले, कुणीतरी चहा आणून दिला, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. एकटेच. चहा सांडला शर्टावर, तरी हसतायत. मी त्या फटीतून बघतच राहिले. इतक्या महिन्यांत कुणी मला सांगितलं नव्हतं की असा चेहरा असलेला माणूस एखाद्या फालतू व्हिडिओवर इतका हसू शकतो. सुट्टी झाल्यावर मी मावशीला म्हटलं, मला त्या गटात जायचंय.

गट दर दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या पहिलीच्या वर्गात भरतो. शाळावाले चांगले, खोली फुकट देतात, पण बाकं सहा वर्षांच्या मुलांची. त्यावर आम्ही मोठे घोडे गुडघे हनुवटीला लावून बसतो आणि भिंतीवर गाजर, वांगं, हत्ती. पहिल्या दिवशी मी स्कार्फ बांधूनच बसले. कुणी काही म्हणालं नाही. कुणी विचारलं नाही की कसं भाजलं, कुणी 'बिच्चारी' म्हणालं नाही. एका काकूंनी वडे आणले होते आणि ते स्कार्फातून खाता येईनात. वड्यांचा वास सुटला होता. मी सोडला स्कार्फ. एवढंच झालं हो! लोकांना वाटतं की असं काहीतरी मोठं धैर्याचं पाऊल असतं. मला भूक लागली होती.

तिथून पुढे मी सुसाट सुटले. बरं होताना चामडी जाड होऊन वर येऊ नये म्हणून अंगावर चापून बसणारे इलॅस्टिकचे कपडे घालावे लागतात, जवळजवळ दिवसभर, महिनोन्‌महिने. आम्ही त्यांना आपसात 'घट्टं' म्हणतो. मी घालत होते ती घट्टं मळक्या बिस्किटाच्या रंगाची, आणि मापात कधी धड बसायची नाहीत. मी रंगाऱ्याची पोर! मावशीच्या मशीनवर एक उसवून पाहिलं, डॉक्टरांकडून माप घ्यायला शिकले, आणि आज माझं तेच काम आहे. लहान मुलांना मी विचारते, कुठला रंग? मोरपंखी, आंबा, राणी. हो, राणीसुद्धा. माझं त्या रंगाशी काही भांडण नाही, तो चांगलाच रंग आहे.

बाकीची कामं गटाची. वॉर्डात जाणं, नोकरीवर परत घ्यायला मालकांकडे खेटे घालणं. आमच्यातल्या काहींच्या बोटांना ठसेच उरले नाहीत, रेशन दुकानातलं मशीन त्यांना माणूस मानायला तयार नाही. तर आम्ही सगळे मिळून साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसलो. इतके चेहरे एकदम समोर आल्यावर साहेबांना कुठे बघावं कळेना. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय झाली तेव्हा भास्करदादा म्हणाले, "आपल्याला बघून लोक डोळे फिरवतात, आता मशीन तरी डोळ्यात डोळे घालून बघेल." आम्ही ऑफिसच्या जिन्यातच इतके हसलो की शिपाई बघायला आला.

आणि मग भास्करदादांनी तो विषय काढला. आम्ही वस्त्यांमध्ये जाऊन सांगतो की भाजलं तर पहिल्यांदा काय करायचं. वाहतं गार पाणी वीस मिनिटं ओता, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, मग स्वच्छ कापड टाकून दवाखाना. दादा म्हणाले, "येवल्याला रंगाऱ्यांच्या अंगणात रोज पातेली उकळतात. तुझ्या गल्लीत जाऊ. तू बोल."

मी टाळाटाळ करायला लागले. लोकांसमोर चेहरा घेऊन उभं राहायचा प्रश्न नव्हता, ते आता मला भेळ खाण्याइतकं सोपं झालंय. प्रश्न आईचा होता. 'पाणी ओता' हे दोन शब्द आमच्या अंगणात उभं राहून म्हणायचे म्हणजे गल्लीदेखत आईकडे बोट दाखवणं. कमलकाकू तांब्या घेऊन धावल्या होत्या हे सगळ्यांना आठवतंय. त्यांना कुणी थांबवलं हेही आठवतंय. आईशी मी त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नव्हते, तीही नाही. नाशिकला माझ्या लक्षात आलं होतं की जखम इतकी खोल का गेली, पण मी ते तोंडातून काढलं नाही. आईला ते कळलंय का, हे मला माहीत नव्हतं आणि मला ते तिला कळू द्यायचं नव्हतं. पण नाही सांगितलं तर उद्या तिथेच दुसरी पोर भाजेल आणि पुन्हा पेस्टची ट्यूब निघेल. मी दादांना म्हटलं, तुम्हीच बोला. ते म्हणाले, "माझं कोण ऐकेल? मी बाहेरचा." एसटीत बसले तेव्हाही माझं ठरलं नव्हतं.

तुम्ही सगळे आला होतात! मला वाटलं होतं दहा-पंधरा जण येतील. तुम्ही सतरंज्या टाकल्या होत्या, कुणीतरी माइकही आणला होता, जो फक्त कुंई करत होता. मी स्कार्फ न बांधता अंगणात उभी राहिले आणि पहिल्या दोन मिनिटांत तुमचं बघून झालं. मग तुम्ही ऐकायला लागलात. मी खरंच छान बोलत होते. गटाबद्दल बोलले, घट्टांबद्दल बोलले, तुम्ही हसलातही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. आणि ती जागा आली तसं माझं अवसान गळालं. मी म्हटलं, "तर भाजल्यावर लगेच नीट प्रथमोपचार करायचे आणि दवाखान्यात न्यायचं." आणि पुढे जायला लागले. भास्करदादांनी मान खाली घातली.

पुढे बसलेल्या कमलकाकूंनी विचारलं, "नीट म्हंजी काय गं?"

त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण तुमच्यातल्या कितीतरी जणांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी त्या कुंई करणाऱ्या माइकशी खटपट करायला लागले.

आई दारातून निघाली. पिठाचे हात पदराला पुसले, टाकीपाशी आली, तांब्या बुडवला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "हात धर," म्हणाली. मी डावा हात पुढे केला. तिने खांद्यापासून खाली पाणी सोडलं. "असं. असं वतायचं." दुसरा तांब्या. "कमळ आली व्हती पाणी घेऊन. मी नको म्हणले. मला वाटलं फोड येत्यात." तिसरा तांब्या. "तसं करू नका. पेस्ट लावू नका. मी लावली, अन्‌ माझ्या पोरीची मान आखडली. डॉक्टरनं मला तवाच सांगितलं व्हतं." म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि ती ते मला कळू देत नव्हती.

मी "आई, बास" म्हणायला गेले तर भास्करदादा मागून म्हणाले, "वीस मिनिटं, आई."

"वीस तर वीस," आई म्हणाली आणि ओतत राहिली. आणि तुम्ही कुणी उठला नाहीत! बाबांनी घड्याळ बघायला घेतलं. पोरं मोठ्याने मिनिटं मोजायला लागली. कमलकाकू उठल्या, आईचा हात दुखला तसा तिच्या हातातला तांब्या घेतला आणि त्यांनी ओतायला सुरुवात केली. मी नखशिखांत भिजले होते, रडत होते, हसत होते आणि थंडीने कुडकुडत होते. वीस मिनिटं किती लांब असतात हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. सुरतेवाल्यांनो, ही ती पाण्याची फेकाफेक.

रात्री जेवताना आई म्हणाली, "त्या वार्डाच्या भाईर बाकावर आया बसलेल्या असत्यात. त्यांच्याशी कोण बोलतं गं?" मी घास हातात धरून विचार केला. आम्ही भाजलेल्याशी बोलतो, नवऱ्यांशी बोलतो, मालकांशी बोलतो, साहेबांशी भांडतो. बाकावरच्या आयांशी कुणीच बोलत नाही. इतक्या वर्षांत आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आई चार दिवसांसाठी नाशिकला आली. भास्करदादांनी तिला नियम समजावले. पहिल्या भेटीत सल्ला द्यायचा नाही, 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही, जास्त ऐकायचं. आईने सगळ्याला मान डोलावली आणि बाकावर बसल्या बसल्या शेजारच्या बाईला दटावलं, "सकाळपासून काय खाल्लं नाय ना? हे बघ, तू पडलीस तर पोरीला कोण बघंल?" आणि डबा उघडला. ती बाई वणीकडची, शेतावर कामाला जाणारी. तिच्या पोरीच्या अंगावर चुलीवरचं आधण सांडलं होतं. ती रडत म्हणाली, मीच पोरीला ते पाणी उतरवायला धाडलं होतं. आईने तिला थांबवलं नाही. तिचं सगळं सांगून झालं तेव्हा मी दारापाशी उभी होते, आईने माझ्याकडे बोट केलं. "ती हाय ना, ती माझी लेक. जा, तिच्याशी बोल." त्या बाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग दोघी पुन्हा बोलत बसल्या. मी मध्ये उगाच उभी होते.

चार दिवसांचे पंधरा झाले. मावशी कुरकुरते की आई मोरीत बादल्या पालथ्या घालत नाही, भरूनच ठेवते. वणीच्या त्या पोरीसाठी मी आंब्याच्या रंगाची घट्टं शिवतेय, आई बाजूला बसून दोरे तोडते आणि शिलाईला नावं ठेवते. काल संध्याकाळी बाबांचा येवल्याहून फोन आला. रोज पिठलं करून कंटाळलेत बिचारे. आई फोन कानाला लावून वॉर्डाकडे निघाली होती, बरोबर डबा, उशीर झालेला. बाबांनी विचारलं असणार की घरी कधी येणार, कारण आई जिन्यात थांबली, थोडी वैतागली आणि म्हणाली, "अवो, घरीच हाय मी. स्वातीपाशी हाय. तुम्हीच या."

बाबा रविवारच्या पहाटेच्या गाडीने येतायत.